तांबे का कळकते?

बंगळूरच्या मल्लेश्वरम या उपनगराला ज्या देवालयामुळे नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी या देवस्थानच्या खर्चासाठी एक गाव लावून दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. कानडीत 'काडु' म्हणजे रान. ते रान केव्हाच गेले. १८९८ च्या प्लेगनंतर येथे आखीव रस्त्यांची वस्ती वाढली, आणि तीत कानडी, तमिळ, तेलुगू व मराठी कुटुंबे शेजारी शेजारी नांदू लागली.

अशा वस्तीत निरनिराळ्या प्रांतांच्या स्वयंपाकाच्या रीती एकमेकींशेजारी पाहावयास मिळतात. देवघरात तांब्याचा कलश, तांब्याचे ताम्हन आणि तांब्याची पळी असते. पिण्याचे पाणीही कित्येक घरी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवतात. परंतु चिंचेचे आंबट सार, ज्याला कानडी गृहिणी 'सारु' आणि तमिळ गृहिणी 'रसम' म्हणते, ते मात्र जुन्या तमिळ घरांत निव्वळ कथलाच्या भांड्यात करतात. त्या भांड्याला 'ईयच्चोंबु' असे नाव आहे. मराठी घरात तेच सार कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात होत असे. पाण्याला तांबे चालते आणि साराला चालत नाही, हे कसे? आपल्या आजीला विचारले असते, तर तिने एका शब्दात उत्तर दिले असते : 'कळकते'.

वाचकहो, हे क्रियापद मोठे नेमके आहे. दूध नासते, पीठ आंबते, लोखंड गंजते. कळकतो तो मात्र तांब्यापितळेच्या संगतीत राहिलेला पदार्थच. परभाषेतील मजकूर मराठीत आणताना असे आयते शब्द हाती आले, की अनुवादकाचे काम हलके होते. भांड्याला धरणाऱ्या हिरव्या थरालाही आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे. ते म्हणजे 'जंगाल'. हा शब्द फारसीतून आला. रसायनशास्त्र ज्याला कॉपर ॲसिटेट म्हणते, ते लवण हा या जंगालाचा मुख्य घटक होय. तो कसा तयार होतो हे एकदा समजले, म्हणजे कल्हई, चिंचेने भांडी घासणे, सुपारीच्या बागेतील फवारणी आणि तान्ह्या मुलाचे दूध या चार दूरच्या वाटणाऱ्या गोष्टींचा परस्परसंबंध सहज ध्यानात येईल.

तांबे हा मुळात शांत स्वभावाचा धातू आहे. जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा सौम्य अम्लात टाकला, तर बुडबुडे येऊ लागतात. धातू विरघळतो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तांब्याचे तसे होत नाही. शिरक्यातील ॲसेटिक अम्ल, चिंचेतील टार्टरिक अम्ल, लिंबातील सायट्रिक अम्ल, दह्यातील लॅक्टिक अम्ल, यांपैकी कोणालाही एकट्याने तांबे विरघळवता येत नाही. त्यांना हवेतील प्राणवायूचे साहाय्य लागते. प्राणवायू तांब्याशी संयोग पावून त्याचे ऑक्साइड बनवितो, आणि अम्ल त्या ऑक्साइडला विरघळवून लवणात रूपांतरित करते. पृष्ठभाग पुन्हा उघडा पडला की प्राणवायूचे काम पुन्हा सुरू होते. हे दोघे मिळून जे करतात, ते एकाला साधत नाही.

याचा पडताळा घरच्या घरी पाहता येतो. काचेच्या एका बाटलीत तांब्याच्या तारेचा तुकडा घालून ती शिरक्याने काठोकाठ भरावी व घट्ट बूच लावावे. दुसऱ्या उघड्या पेल्यात तशीच तार अर्धी बुडेल इतकाच शिरका घ्यावा. काही दिवसांनी पाहिले, तर बंद बाटलीत फारसा बदल आढळणार नाही. पेल्यात मात्र जेथे शिरका, तार आणि हवा यांची गाठ पडते, तेथे निळसर हिरवा थर धरलेला दिसेल आणि शिरक्यालाही हळूहळू निळी झाक येईल. अर्ध्या भरलेल्या भांड्याच्या आत, द्रवाच्या काठाशी हिरवी रेघ का उमटते, हे यावरून कळते. त्या निळ्या द्रवात घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ धरला, तर त्यावर तांब्याचा लालसर लेप चढतो. द्रवात तांबे उतरले आहे, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखत करावा आणि तो द्रव ओतून टाकून हात व भांडी स्वच्छ धुवावीत, हे सांगावयास नकोच.

चिंचेने घासलेले तांबे क्षणात लखलखते, त्यामागेही हेच रसायन आहे. काळपटलेल्या भांड्यावर ऑक्साइडचा थर अगोदरच जमलेला असतो. प्राणवायूचे काम होऊन गेलेले असल्यामुळे अम्लाला लगेच आपले काम करता येते. परंतु घासलेले भांडे नीट न धुता तसेच ठेवले, तर उरलेली चिंच आणि हवा मिळून दुसऱ्या दिवशी त्यावर हिरवे डाग पाडतात. म्हणून भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसणे हा घासण्याचाच भाग समजावा.

ज्या पदार्थाला आपण घरातून घालवू पाहतो, तो एके काळी मुद्दाम बनविला जाई. फ्रान्समधील माँपेलिये या गावी अठराव्या शतकात हा मोठा घरगुती धंदा होता आणि तो प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होता. घराच्या तळघरात मातीच्या भांड्यांत द्राक्षांचा आंबलेला चोथा आणि तांब्याचे पत्रे यांचे थरावर थर रचीत. चोथ्यातून निघणाऱ्या ॲसेटिक अम्लाने पत्र्यांवर जंगाल धरे. ते खरवडून घेत आणि चित्रकारांना व रंगाऱ्यांना विकीत. इराणी आणि मोगल हस्तलिखितांतही हा हिरवा रंग वापरला गेला. त्याचा दोष असा, की काळ लोटला म्हणजे तो खालचा कागदच खातो. चित्रातील हिरवी चौकट तुटून गळून पडल्याची उदाहरणे ग्रंथसंग्रहालयांत आढळतात. या रंगात केशर मिसळले तर कागद टिकतो, हे जुन्या इराणी कारागिरांना ठाऊक होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तांब्यावरचा प्रत्येक हिरवा थर म्हणजे ॲसिटेट नव्हे. देवळाच्या कळसावर किंवा उघड्यावरच्या पुतळ्यावर वर्षानुवर्षे जमणाऱ्या हिरव्या रंगात सामान्यतः तांब्याची कार्बोनेट वा सल्फेट लवणे असतात. समुद्रकाठी त्यांत क्लोराइडही येते. ही लवणे पाण्यात सहसा विरघळत नाहीत, धातूला चिकटून बसतात आणि उलट त्याचे रक्षण करतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला त्यांनीच झाकले आहे. ॲसिटेटचे तसे नाही. ते पाण्यात उतरते, आणि पाण्याबरोबर आपल्या पोटातही. कळसावरचा हिरवा रंग शोभेचा असतो, पातेल्यातला घातक ठरतो. याचे कारण विरघळण्याच्या या फरकात आहे.

या साध्या लवणाने भौतिकशास्त्रज्ञांनाही एकदा कोड्यात टाकले होते. तांब्याच्या लवणातील प्रत्येक तांब्याचा कण हा एक चिमुकला लोहचुंबकच असतो. मोरचूद थंड करीत गेले, तर त्याचे हे चुंबकत्व वाढत जाते. परंतु १९५१ साली गुहा या भारतीय संशोधकाने कॉपर ॲसिटेटचे स्फटिक अतिशय थंड केले, तेव्हा चुंबकत्व वाढण्याऐवजी घटत जाऊन जवळजवळ नाहीसे झाल्याचे आढळले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ब्लीनी आणि बॉवर्स यांनी त्याचा उलगडा केला : या स्फटिकात तांब्याचे कण एकेकटे नसून जोडीजोडीने असावेत, आणि थंडीत जोडीतील दोघांची चुंबके परस्परविरुद्ध दिशांना वळून एकमेकांना निष्प्रभ करीत असावीत. १९५३ साली दक्षिण आफ्रिकेतील व्हान नीकर्क आणि शोनिंग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ती जोडी प्रत्यक्ष दाखवून दिली. दोन तांब्यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या अवघे २.६४ पट निघाले, आणि दोहोंना चार ॲसिटेटांनी चहूबाजूंनी कवटाळलेले होते. पातेल्याच्या काठावरून पुसून टाकावयाच्या हिरव्या डागात असे रेखीव बांधकाम दडलेले असते!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तांबे पोटात जाणे वाईटच काय? तसे नाही. रक्त बनण्यासाठी आणि शरीराच्या इतर अनेक व्यापारांसाठी प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे १ ते २ मिलिग्रॅम तांबे लागते, आणि ते नेहमीच्या आहारातून मिळते. अधिक झालेले तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. म्हणजे तांबे आहे की नाही, हा प्रश्नच नाही. ते किती सुटते आणि कोणाच्या पोटात जाते, हा खरा प्रश्न आहे.

पाण्याच्या बाबतीत याचे उत्तर बंगळूरमध्येच मिळाले. तेथील 'इन्स्टिट्यूट ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' या संस्थेच्या पद्मा वेंकटसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेल्या विहिरीच्या किंवा विंधणविहिरीच्या जातीच्या, म्हणजे भूगर्भातील पाण्यात त्यांनी पटकी, विषमज्वर, हगवण इत्यादी रोगांचे जंतू मिसळले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. त्यानंतर एकाही जातीचे जंतू वाढविता आले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबे दर लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम इतकेच भरले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी २ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. तिच्या दहाव्या हिश्शाहूनही हे कमी. त्या पाण्यात आंबटपणा नव्हता, म्हणून तांबे बेतानेच सुटले. जंतूंना मारण्यास पुरेसे, माणसाला अपाय करण्यास अपुरे. रात्रभर हंड्यात पाणी ठेवण्याची चाल अशी कसोटीला उतरली.

तांब्याच्या याच गुणाचा उपयोग शेतकरीही करतो. मलनाडच्या, गोव्याच्या आणि कोकणच्या सुपारीच्या बागांना पावसाळ्यात कोळेरोग गाठतो. बुरशी लागून कोवळी सुपारी सडते आणि गळून पडते. म्हैसूर संस्थानच्या नोकरीत असलेले लेस्ली कोलमन या कॅनडियन शास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास या रोगाचा सखोल अभ्यास केला आणि बागाइतदारांना बोर्डो मिश्रणाची फवारणी शिकविली. हे मिश्रण १८८५ साली फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षवेलींसाठी पुढे आले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे त्याचे रूढ प्रमाण. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. ते नुसतेच फवारले तर पानेच करपतील. चुना त्याला अविद्राव्य करून ठेवतो, आणि मग पानावर बसलेल्या थरातून तांबे थोडे थोडे सुटून बुरशीला मारते. मिश्रण बिनधोक झाले की नाही, हे पाहण्यासाठी नाशिक-सांगलीचा द्राक्षबागाइतदार त्यात लोखंडी पाते बुडवितो. पात्यावर लाली आली तर चुना कमी पडला. आपल्या खिळ्याचीच ही परीक्षा!

परंतु जे जंतूला आणि बुरशीला मारते, ते प्रमाण चुकल्यास माणसाला सोडीत नाही. प्रौढ मनुष्य कळकलेले ताक प्याला, तर तोंडाला धातूची कडवट चव येते, मळमळते, पोटात कळ येते आणि बहुधा ओकारी होऊन तो सुटतो. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या यकृताला जादा तांबे बाहेर टाकण्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते.

आपल्या देशात कित्येक दशके लहान मुलांचा एक भयंकर यकृतरोग आढळत असे. वैद्यकात त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असे नावच पडले होते. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे पोट फुगे, यकृत हाताला कठीण लागे, कावीळ होई, आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. कधी कधी एकाच आईची दोन मुले पाठोपाठ जात. त्या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या तांब्याचा माग काढला. १९८३ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला : या मुलांना अगदी लहान वयात वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते दूध तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविले वा साठविले जात होते.

येथे वाचक विचारतील, की दूध तर आंबट नसते. मग त्यात तांबे कसे उतरले? याचेही उत्तर मिळाले आहे. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला आपल्याशी बांधून घेते. उघड्या पितळेत दूध तापत वा साठत राहिले, की केसीन तांबे उचलीत राहते. दुधाचा रंग बदलत नाही, मूल ओकत नाही, आईला काहीच कळत नाही. आणि तांबे मात्र दररोज थोडे थोडे यकृतात साचत जाते. त्या माता आपल्या मुलांना घरातील सर्वांत चांगल्या, घासून लखलखीत केलेल्या भांड्यातच दूध देत होत्या, ही गोष्ट मनाला चटका लावते.

तांब्याच्या जोडीला काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. ऑस्ट्रियातील तिरोल प्रांताचा दाखला त्याला पुष्टी देतो. १९०० ते १९७४ या काळात तेथे १३८ बालके अशाच रोगाने गेली; त्यांनाही साखर घातलेले गाईचे दूध तांब्याच्या भांड्यात उकळून दिले जात होते. ती भांडी वापरातून गेली आणि रोगही गेला. आपल्याकडेही तेच घडले. तान्ह्याचे दूध पितळी भांड्यात ठेवू नका, हा उपदेश घरोघर पोचला, स्टीलची भांडी स्वस्त झाली, आणि हा रोग आता क्वचितच आढळतो. कोणतेही महागडे औषध न देता, केवळ भांडे बदलून मुले वाचली. आरोग्याच्या इतिहासात असा सोपा उपाय फार थोड्या रोगांना लाभला असेल.

आता कल्हईचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो, आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून सारखे फिरवितो. नवसागराच्या धुराने तांब्यावरचे ऑक्साइड निघून जाते आणि कथील स्वच्छ धातूला घट्ट धरते. आंबट पदार्थ आणि तांबे यांच्यामध्ये तो रुपेरी पडदा उभा राहतो. पडदा विरला, आतून लाल वा पिवळा धातू डोकावू लागला, की त्या भांड्याचा भरवसा धरू नये. मल्लेश्वरमच्या ईयच्चोंबूत तर पडदाच नाही, सारे भांडेच कथलाचे. म्हणून ते रिकामे चुलीवर ठेवीत नाहीत. आत सार असेतोवर उष्णता शंभर अंशांच्या फार पलीकडे जात नाही, पण रिकामे भांडे पाहता पाहता वितळून जाईल.

अलीकडे तांब्याच्या बाटल्या पुन्हा घरोघर दिसू लागल्या आहेत. त्यांत वावगे काही नाही; नियम मात्र जुनेच पाळावेत. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवावे. लिंबूसरबत, कोकम, ताक, फळांचा रस, लोणचे किंवा इडलीचे आंबवलेले पीठ त्यात ठेवू नये. अमेरिकेच्या अन्नसंहितेनेही सहाहून कमी सामू असलेल्या, म्हणजे आंबट, पदार्थांना उघड्या तांब्याचा स्पर्श निषिद्ध ठरविला आहे. पंचामृतासाठी चांदीचे, काचेचे वा स्टीलचे पात्र घ्यावे. तान्ह्या मुलाचे दूध उघड्या तांब्यापितळेत तापवू नये आणि ठेवूही नये. ज्यांना 'विल्सनचा रोग' हा तांबे साठविणारा आनुवंशिक विकार आहे, त्यांनी तांब्याच्या भांड्यातले पाणीही वर्ज्य करावे. भांड्याच्या आत हिरवी रेघ दिसली, तर आतील पदार्थ विचार न करता टाकून द्यावा आणि भांडे चिंच-मिठाने घासून, धुऊन, पुसून मगच वापरावे.

तांब्याच्या हंड्यातील पाण्याने घराचे आरोग्य राखले, आणि पितळी पातेल्यातील दुधाने पाळणे रिकामे केले. धातू तोच होता. त्याच्याशी कोणत्या पदार्थाची गाठ पडली, एवढाच काय तो फरक.